प्रत्येक दरीत तीच उडी

इलेक्ट्रॉन क्वांटम डॉटमधून, म्हणजे स्फटिकात अडवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या छोट्या डबक्यातून, पलीकडे गेला एवढं कळणं सोपं आहे. पलीकडच्या तारेतला प्रवाह मोजला की झालं. पण तो कोणत्या कलेत बाहेर पडला, म्हणजे आतून जाताना त्याची लहर किती अंश पुढे सरकली, हे प्रवाहमापक सांगत नाही. प्रवाह ठरतो आयामाच्या, म्हणजे लहरीच्या उंचीच्या, वर्गावर, आणि वर्ग केला की कला पुसली जाते. १९९० च्या दशकात इस्रायलमधल्या रेहोवोत इथे, वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये, मोटी हाइब्लुम यांच्या गटानं ही पुसली जाणारी गोष्टच मोजायला घेतली. मोजणी जमली. उत्तर मात्र असं आलं की त्याची संगती लावता लावता दहा वर्षं गेली, आणि माझ्या मते ती अजून पूर्ण लागलेली नाही.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं आहे. इलेक्ट्रॉनचं व्यतिकरण, म्हणजे त्याच्या लहरींनी एकत्र येऊन एकमेकींना वाढवणं किंवा मारणं, आणि इलेक्ट्रॉनांचं आपापसातलं प्रतिकर्षण हे विषय आपण वेगवेगळे शिकतो. इथे ते दोन्ही एकाच आलेखात येऊन बसतात आणि आलेखातला कुठला भाग कुणाचा, हे आपल्याला सोडवून घ्यावं लागतं.

डॉट आणि त्याची शिखरं

गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांचे थर एकमेकांवर वाढवले की त्यांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉनांचा एक पातळ पडदा तयार होतो. इलेक्ट्रॉन त्या प्रतलात मोकळे फिरतात, वर-खाली मात्र जाऊ शकत नाहीत. स्फटिकाच्या पृष्ठभागावर धातूच्या बारीक पट्ट्या, म्हणजे गेट, बसवून त्यांना ऋण व्होल्टेज दिलं की खालचे इलेक्ट्रॉन बाजूला ढकलले जातात. पट्ट्यांची मांडणी नीट साधली तर मधोमध इलेक्ट्रॉनांचं एक छोटं डबकं उरतं. तोच डॉट. त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद फटी असतात, त्यांतून इलेक्ट्रॉन टनेलिंगनं, म्हणजे ऊर्जा अपुरी असतानाही अडथळा पार करून, आत-बाहेर करतो. प्लंजर नावाचं आणखी एक गेट डबक्याची ऊर्जा वर-खाली करतं.

डबकं लहान असल्यामुळे आतल्या ऊर्जापातळ्या सुट्या सुट्या होतात. शिवाय आत आधीच असलेले इलेक्ट्रॉन नव्याला सहज येऊ देत नाहीत, त्याला आत घ्यायला जादा ऊर्जा मोजावी लागते. डॉटची धारकता १६० ॲटोफॅरड धरली तर ही किंमत १ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. ०.१ केल्व्हिन तापमानाला उष्णतेपाशी असते फक्त ८.६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे त्या किमतीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे प्लंजरचं व्होल्टेज वाढवत नेलं तर प्रवाह बहुतेक वेळ बंदच राहतो. एक इलेक्ट्रॉन जास्त आणि एक कमी या दोन स्थितींची ऊर्जा जिथे सारखी होते, तिथेच टोकदार शिखर येतं. ही कूलॉम नाकेबंदी. एकेक शिखर ओलांडलं की डबक्यात एकेक इलेक्ट्रॉन वाढतो.

शिखर ओलांडताना कलेचं काय व्हायला हवं? झोपाळा आठवा. त्याच्या स्वाभाविक लयीपेक्षा सावकाश ढकललं तर तो हाताबरोबर जातो, फार घाईनं ढकललं तर हाताच्या उलट. मधल्या पट्ट्यात त्याची कला १८० अंश सरकते. एका पातळीतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचंही हेच आहे: शिखराच्या अलीकडून पलीकडे जाताना १८० अंशांची सावकाश चढण. याविषयी कुणाच्याच मनात शंका नव्हती. खरा प्रश्न होता शिखरं ओळीनं आली तर काय होतं, हा.

पहिली मोजणी: कडी

कला मोजायची तर तुलनेला दुसरी वाट हवी. अमीर याकोबी, हाइब्लुम, डायना महालू आणि हदास श्त्रिकमन यांनी १९९५ साली एक सूक्ष्म कडी वापरली. एका हातात डॉट, दुसरा हात मोकळा. इलेक्ट्रॉन दोन्ही वाटांनी जातो आणि पुढे त्याच्या दोन लहरी एकत्र येतात. कडीच्या पोटातून चुंबकीय क्षेत्र सोडलं की दोन वाटांतलं कलांतर बदलतं. हा परिणाम याकिर अहारोनोव आणि डेव्हिड बोम यांनी १९५९ मध्ये मांडला होता. कडीत अडकलेला फ्लक्स, म्हणजे क्षेत्र गुणिले कडीचं क्षेत्रफळ, 'प्लँक स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार' इतका वाढला की एक पूर्ण आवर्तन होतं. कडीचं क्षेत्रफळ १ चौरस मायक्रोमीटर असेल तर हे आवर्तन ४.१४ मिलीटेस्लाचं येतं.

मोजण्याची रीत डोळ्यांसमोर आणायला सोपी आहे. प्लंजरचं व्होल्टेज एका जागी ठेवायचं, चुंबकीय क्षेत्र फिरवायचं आणि प्रवाहाची नागमोडी रेघ काढायची. मग प्लंजर किंचित पुढे, पुन्हा रेघ. अशा पन्नास रेघा एकाखाली एक मांडल्या की वरच्या रेघेतला उंचवटा खालच्या रेघेत किती सरकला ते दिसतं. आपल्या उदाहरणात उंचवटा २.०७ मिलीटेस्ला सरकला तर कला १८० अंश बदलली. या रीतीत एक मोठी सोय आहे. नागमोडीची उंची डॉटमधून येणाऱ्या आयामाच्या प्रमाणात असते, त्याच्या वर्गाच्या नाही. जिथे डॉटमधून दहा हजारांत एकच इलेक्ट्रॉन पार होतो, तिथेही आयाम शंभरात एक असतो. म्हणून दोन शिखरांमधल्या खोल दरीतही काहीतरी हाती लागतं.

रेघा नागमोडी निघाल्या, यातच पहिलं मोठं उत्तर आलं. डबक्यात इतर इलेक्ट्रॉनांची गर्दी असतानाही पार होणाऱ्यांपैकी काही जण तरी आपली कला सांभाळून बाहेर पडतात. त्या काळी हे गृहीत धरता येत नव्हतं.

कलेचे आकडे मात्र विचित्र होते. शिखरावरची सावकाश चढण दिसलीच नाही. शिखराशी उंचवटे एका झटक्यात १८० अंश सरकले, अधलंमधलं काहीच नाही. कारण लवकरच लक्षात आलं आणि ते डॉटमध्ये नव्हतं. कडीला दोनच टोकं असली तर तिची वाहकता चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटवूनही तीच राहायला हवी. लार्स ऑन्सागर यांच्या सममितीचा हा परिणाम, मार्कुस ब्यूटिकर यांनी अशा सूक्ष्म मंडलांसाठी तो स्पष्ट केला होता. आता शून्य क्षेत्राभोवती सममित असलेली नागमोडी रेघ दोनच तऱ्हांची असू शकते: शून्यावर उंचवटा, नाहीतर शून्यावर खळगा. म्हणजे ० अंश किंवा १८० अंश. मधली कला डॉटनं कितीही दिली तरी कडी ती दाखवूच शकत नाही. मागे परतलेले इलेक्ट्रॉन कडीत पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतात आणि त्या सगळ्या फेऱ्या मिळून ही सममिती पाळतात.

या प्रकरणातला हा टप्पा मला फार मोलाचा वाटतो. मोजणी अचूक होती, नमुना उत्तम होता, तरीही वाचलेला आकडा डॉटचा नव्हता, मांडणीचा होता.

दुसरी मोजणी: उघडी वाट

१९९७ मध्ये शुस्टर, बुक्स, हाइब्लुम, महालू, उमान्स्की आणि श्त्रिकमन यांनी मांडणी बदलली. कडीला जादा निचरे दिले. जो इलेक्ट्रॉन भिंतीवर किंवा फटीवर आपटून मागे फिरेल तो बाजूच्या संपर्कातून निघून जावा, पुन्हा कडीत फिरू नये. उरतात त्या प्रकाशाच्या दोन फटींच्या प्रयोगासारख्या फक्त दोन सरळ वाटा. टोकं दोनापेक्षा जास्त झाल्यामुळे सममितीची सक्तीही गेली.

आता शिखरावर सावकाश चढण दिसली. १८० अंश, झोपाळ्याच्या नियमाबरहुकूम. याचसाठी सगळा खटाटोप होता.

पण दोन शिखरांच्या मधल्या दरीत, जिथे कलेनं निमूट तिथेच थांबावं अशी अपेक्षा होती, तिथे ती एकदम १८० अंश खाली आली. ही उडी इतकी तीव्र होती की शिखराच्या रुंदीच्या मानाने ती फारच अरुंद पट्ट्यात उरकत होती. पुढचं शिखर आलं, पुन्हा चढण. पुढची दरी, पुन्हा उडी. पाहिलेल्या प्रत्येक दरीत हेच. त्यामुळे सगळी शिखरं एकाच कलेत उभी होती, जणू डॉटमध्ये आलेला प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन आधीच्याची हुबेहूब नक्कल करत होता.

कागदावरचा हिशेब

उडी का पडते, हे समजायला दोन पातळ्या पुरतात. मी हा हिशेब अनेकदा करून दाखवला आहे, कारण शब्दांत सांगितलेलं शून्य आणि हातानं काढलेलं शून्य यांत फार फरक पडतो.

एक पातळी −०.५ वर, दुसरी +०.५ वर. दोघींची रुंदी ०.१; तारांशी जोडणी जितकी घट्ट, तितकी ही रुंदी जास्त. एका पातळीचा वाटा असा काढायचा: अर्धी रुंदी, भागिले इलेक्ट्रॉनची ऊर्जा वजा पातळीची ऊर्जा. दोन वाट्यांची बेरीज म्हणजे 'क'. पार होण्याची शक्यता म्हणजे क-वर्ग भागिले १ अधिक क-वर्ग. इलेक्ट्रॉनची ऊर्जा बरोबर मधोमध, शून्यावर घेतली तर पहिल्या पातळीचा वाटा ०.०५ भागिले ०.५, म्हणजे +०.१, दुसरीचा ०.०५ भागिले −०.५, म्हणजे −०.१. बेरीज शून्य. दोन्ही दारं उघडी असून एकही इलेक्ट्रॉन पार होत नाही. ऊर्जा ०.०१ इतकी वर घेतली तर क येतो −०.००४ आणि शक्यता ०.००००१६. तेवढीच खाली घेतली तर क येतो +०.००४ आणि शक्यता पुन्हा तीच. आकडा तोच, चिन्ह मात्र उलटं. चिन्ह उलटणं म्हणजे कला १८० अंशांनी बदलणं. दरीतली उडी ती हीच, आणि शून्यावर ती अजिबात रुंदी घेत नाही.

आता एकच बदल करा. दुसऱ्या पातळीच्या लहरीचं चिन्ह डाव्या फटीशी धन आणि उजव्या फटीशी ऋण समजा. मग तिचा वाटाही उलट्या चिन्हाचा होतो आणि मधोमध दोन्ही वाटे एकमेकांना मारण्याऐवजी जुळतात. हिशेब नीट केला तर शक्यता ०.०३९ येते, सुमारे ४ टक्के. शून्य नाही, म्हणून उडीही नाही. कला पहिल्या शिखरावर १८० अंश चढते, तिथेच थांबते, दुसऱ्यावर आणखी १८० चढते.

शिखरं दोन्ही बाबतींत जवळजवळ सारखी असतात. नाकेबंदीमुळे दऱ्याही तळाला टेकलेल्या दिसतात. निव्वळ प्रवाहाचा आलेख पाहून कुणालाही हा फरक ओळखता आला नसता. सगळा भेद कलेत आहे.

इथे अनेकांना एक शंका येते आणि ती रास्त आहे. फ्रीडेलचा नियम सांगतो की आत आलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे विकिरणाची, म्हणजे डॉटवर आदळून विखुरणाऱ्या लहरीची, कला १८० अंश वाढायला हवी. मग दरीत ती घसरते म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर पडला का? नाही. वर्तुळाकार धावपट्टी डोळ्यांसमोर आणा आणि तुम्ही तिच्या मध्यावर नाही, नेमके पट्टीवरच उभे आहात असं समजा. धावणारा तुमच्यापासून निघून पूर्ण फेरी मारून परत येतो, तेवढ्यात तुमची मान फक्त १८० अंश वळते. तो तुम्हाला ओलांडून पुढे गेला की नजर एकदम मागे फिरवावी लागते. मध्यावर उभा असलेला माणूस मात्र न अडखळता ३६० अंश मोजतो. पार होणारा आयाम म्हणजे पट्टीवर उभ्या माणसाची नजर आणि 'तुम्हाला ओलांडण्याचा' क्षण म्हणजे दरीतलं शून्य. फ्रीडेलचा नियम मध्यावरच्या माणसाचा आहे, फक्त त्यात एका पूर्ण फेरीचे १८० अंश धरतात. तो मोडत नाही, फक्त आपण मोजत असलेली कला ती नव्हे. १९९९ च्या सुमारास हा भेद स्पष्टपणे लिहिला गेला आणि निम्मा गोंधळ तिथेच संपला.

खरं कोडं

उरलेला निम्मा अवघड होता. शेजारच्या दोन पातळ्यांची चिन्हं जुळली तर उडी, नाही जुळली तर सपाटी. सरळ एकमितीय डबक्यात चिन्हं आलटून पालटून येतात, म्हणजे एकाही दरीत उडी नको. वेड्यावाकड्या आकाराच्या डबक्यात चिन्हांना काही धरबंध नसतो, म्हणजे साधारण निम्म्या दऱ्यांत उडी हवी. प्रत्येक दरीत उडी यावी असं कोणतंही साधं चित्र सांगत नव्हतं. चिन्हं नाणेफेकीसारखी मानली तर ओळीनं पाच दऱ्यांत उडी येण्याची शक्यता ३२ मध्ये एक, दहा दऱ्यांत १०२४ मध्ये एक. आणि हे वेगवेगळ्या नमुन्यांत, पुन्हा पुन्हा दिसत होतं.

म्हणून मला वाटतं, सुरुवातीला प्रश्नच थोडा तिरका विचारला गेला. उडी का पडते याची उत्तरं भराभर आली आणि बहुतेक बरोबर होती. शेजारी शेजारी एकमत का असतं, हे विचारायला हवं होतं.

प्रतिकर्षण इथे आत येतं. २००० साली सिल्व्हेस्ट्रोव्ह आणि योसेफ इम्री यांनी मांडलेलं चित्र मला सगळ्यात बोलकं वाटतं. समजा डॉटमधली एक पातळी बाहेरच्या तारांशी घट्ट जोडलेली आहे, म्हणून ती रुंद. बाकीच्या पातळ्या नीट जोडलेल्या नाहीत, म्हणून अरुंद. प्लंजर फिरवला की रुंद पातळी खाली येते, भरते, शिखर दिसतं, कला १८० अंश चढते. आणखी थोडं पुढे गेलं की तो इलेक्ट्रॉन रुंद पातळीत ठेवण्यापेक्षा अरुंद पातळीत ठेवणं स्वस्त पडू लागतं. मग एका झटक्यात अदलाबदल होते: अरुंद पातळी भरते, रुंद रिकामी होते. अरुंद पातळीत बसलेल्या इलेक्ट्रॉनच्या प्रतिकर्षणानं रुंद पातळी पुन्हा वर ढकलली जाते. रिकामी झाल्यामुळे तिची कला १८० अंशांवरून परत शून्यावर येते. ही दरीतली उडी. प्लंजर पुढे जातो आणि तीच रुंद पातळी पुन्हा खाली येऊन पुन्हा भरते.

म्हणजे सलग शिखरांत आपण वेगवेगळ्या पातळ्या पाहतच नाही. एकच पातळी फिरून फिरून येते, इलेक्ट्रॉन मात्र गुपचूप दुसरीकडे साठत जातात. शेजाऱ्यांचं एकमत असण्याचं कारण, ते शेजारी नाहीतच.

प्रतिकर्षण शून्य केलं तर हे चित्र कोसळतं, कारण अदलाबदलीला जोर देणारं काहीच उरत नाही. व्यतिकरणाशिवायही ते उभं राहत नाही, कारण मोजायची गोष्ट कला आहे. याच कारणासाठी हे प्रकरण दोन्ही विषयांचं म्हटलं पाहिजे.

एक अडचण राहते. अशी नेमकी एक रुंद पातळी प्रत्येक डॉटमध्ये का असावी? २००७ मध्ये कराश, हेख्ट, वाइक्सेलबाउम, युवाल ओरेग, यान फॉन डेल्फ्ट आणि फोल्कर मेडेन यांनी याचं उत्तर पुनर्सामान्यीकरणाच्या, म्हणजे ऊर्जेचे बारकावे टप्प्याटप्प्यानं हिशेबात घेण्याच्या, गणितातून दिलं. पातळ्यांमधलं अंतर त्यांच्या रुंदीपेक्षा कमी झालं की त्या सुट्या राहत नाहीत. तारांशी असलेली जोडणी त्या आपसात नव्यानं वाटून घेतात: एक फार रुंद होते, बाकीच्या अरुंद. प्रतिकर्षण ही तफावत आणखी वाढवतं. रुंद पातळीच्या पार्श्वभूमीवर अरुंद पातळी आली की उगो फानो यांनी १९६१ साली वर्णन केलेला तिरका आकार तयार होतो, आणि त्यात एक शून्य असतंच. अंतर रुंदीपेक्षा जास्त असेल तर यातलं काहीच होत नाही, प्रत्येक पातळी आपापल्या चिन्हानं वागते.

चौदा इलेक्ट्रॉन

२००५ सालचा प्रयोग या गणिताच्या आधीचा आहे आणि मला तो संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात सुंदर वाटतो. वाइझमनच्याच गटानं, अविनुन-कलिश आणि सहकाऱ्यांनी, डॉट पूर्ण रिकामा केला आणि एकेक इलेक्ट्रॉन भरत कला मोजत गेले. मोजदाद चुकू नये म्हणून शेजारी एक अरुंद वाहिनी ठेवली. डॉटमध्ये एक इलेक्ट्रॉन वाढला की तिचा प्रवाह पायरीनं घटतो. डॉट रिकामा असताना पायऱ्या थांबतात, तिथून मोजायला सुरुवात.

सुमारे दहा इलेक्ट्रॉनांपर्यंत कला स्वैर होती. एका दरीत उडी, दुसरीत सपाटी, आणि गेटचं व्होल्टेज बदलून डॉटचा आकार जरा बदलला की क्रमही बदलायचा. साधारण चौदाच्या पुढे मात्र तीच जुनी शिस्त: प्रत्येक दरीत उडी. डॉट तोच, तारा त्याच, प्रयोग तोच. बदलला तो फक्त आतल्या इलेक्ट्रॉनांचा आकडा.

पहिल्या काही इलेक्ट्रॉनांच्या वेळी पातळ्या एकमेकींपासून दूर असतात. वरच्या पातळ्या दाट होतात आणि तारांशी त्यांची जोडणीही वाढते. अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर बोट ठेवणारं २००७ चं गणित या मोजणीला नेमकं लागू पडतं. मला हे उत्तर पटतं.

शेकडो इलेक्ट्रॉनांच्या डॉटविषयी मात्र ते जसंच्या तसं पुढे नेताना मी थबकतो. २०१२ मध्ये मोलिना, जालाबेर, वाइनमन आणि जाको यांनी वेगळी वाट दाखवली. डॉट मोठा आणि इलेक्ट्रॉनची तरंगलांबी त्याच्या मानाने आखूड असेल तर शेजारच्या पातळ्यांची चिन्हं नाणेफेकीसारखी राहत नाहीत. लहरींमधल्या परस्परसंबंधांमुळेच उड्यांच्या लांबच लांब मालिका तयार होतात, रुंद पातळीची खास गरज पडत नाही. दोन उत्तरं, दोन्ही आकर्षक, आणि १९९७ च्या आलेखावर दोन्ही शोभतात. अशा वेळी नवी मोजणीच निवाडा करू शकते.

कोंडो: एक आडवाट

डॉटमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल तर जोडीविना उरलेल्या एकट्या स्पिनभोवती, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकत्वाभोवती, बाहेरचे इलेक्ट्रॉन जमून त्याला झाकून टाकतात. जून कोंडो यांनी १९६४ मध्ये धातूंसाठी मांडलेला हा परिणाम १९९८ मध्ये डॉटमध्ये दिसला. सिद्धांताचं म्हणणं होतं की अशा दरीत कलेची ९० अंशांवर सपाटी हवी. वाइझमनच्या २००० सालच्या मोजणीत कलेतला बदल त्याहून बराच मोठा आला. २०१४ मध्ये ताकादा आणि सहकाऱ्यांनी दोन वाटांच्या वेगळ्या रचनेत मोजलं तेव्हा ९० अंश मिळाले. इथेही कलेचा आकडा वाचण्याआधी तो कोणत्या मांडणीतून आला हे पाहावं लागलं. १९९५ च्या कडीची आठवण यावी असंच हे आहे.

गेट जरा सरकवलं तेव्हा

त्या वेगळ्या रचनेविषयी दोन शब्द. २०१२ मध्ये यामामोतो, ताकादा, क्रिस्टोफर बोयर्ले, सेइगो तारुचा आणि सहकाऱ्यांनी कडीच्या दोन्ही टोकांना समांतर वाहिन्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या वाहिन्यांमध्ये पातळ अडथळा, त्यातून इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जाऊ शकतो. बाहेर पडायला दोन दारं. खरोखर दोनच वाटांचं व्यतिकरण होत असेल तर एका दारातला प्रवाह वाढताना दुसऱ्यातला तेवढाच घटला पाहिजे. कडीत फेऱ्या मारणारे इलेक्ट्रॉन असतील तर हा तोल बिघडतो. म्हणजे मोजणी स्वतःची तपासणी स्वतःबरोबर घेऊन येते. १९९५ मध्ये हीच गोष्ट हाताशी नव्हती.

२०१७ मध्ये एडल्बाउअर, ताकादा, बोयर्ले, तारुचा आणि सहकाऱ्यांनी या रचनेत शेकडो इलेक्ट्रॉनांचा डॉट बसवला आणि सलग १४ शिखरांवर कला मोजली. १९९७ ची शिस्त इथे सगळ्यात कडक असायला हवी होती. त्यांना उड्या मिळाल्या आणि सपाट्याही मिळाल्या. पुढे त्यांनी गेटच्या व्होल्टेजनं डॉटचा आकार बदलला, आणि उड्या-सपाट्यांचा क्रमही बदलला.

हे वाचल्यावर मी आपल्या दोन पातळ्यांच्या हिशेबाकडे परत गेलो. दोन्ही वाटे सारखे असताना शून्य बरोबर मधोमध, ० वर असतं. पहिल्या पातळीची जोडणी दुसरीच्या नऊपट केली तर शून्य ०.४ वर सरकतं, दुसऱ्या शिखराच्या अगदी जवळ. डॉटचा आकार असा बदलत नेला की दुसऱ्या पातळीची लहर एका फटीशी क्षीण होत होत नाहीशी होईल, तर शून्य ०.५ वर येऊन त्या शिखरालाच गिळतं आणि शिखर दिसेनासं होतं. आणखी पुढे गेलं की लहर तिथे पुन्हा डोकं वर काढते, उलट्या चिन्हानं. जोडण्यांचं प्रमाण ९ आणि −१ झालं तर शून्य असतं ०.६२५ वर. दरीतून उडी गेली, सपाटी आली, आणि ते शून्य कुठेही नष्ट झालेलं नाही. ते शिखर ओलांडून पुढच्या दरीत जाऊन बसलं आहे.

दुसरीही एक शक्यता आहे: शिखर न विझता दोन पातळ्या ऊर्जेच्या क्रमात आपसात जागा बदलतील. दोन्हींत ओळखता येणारा फरक आहे. पहिलीत सपाटी येण्याआधी शेजारचं शिखर बुटकं होत जाईल, दुसरीत तसं व्हायची गरज नाही. त्यामुळे यापुढे अशा मोजणीचे आलेख समोर आले की कलेच्या रेघेआधी मी शिखरांच्या उंचीकडे पाहतो, ज्या गेट-व्होल्टेजला उडीची सपाटी झाली तिथे शेजारचं शिखर किती खाली आलं होतं ते.